गच्चीच्या पावसाच्या पाण्याला टाकी केवढी घ्यावी?

दुमजली:

नमस्कार मंडळी. घर दुमजली आहे, वर सपाट स्लॅबची गच्ची, साधारण ९० चौरस मीटर. घरात माणसं पाच. आमचा भाग गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढला. पूर्वी रोज येणारं नळाचं पाणी आता एक दिवसाआड येतं, आणि उन्हाळा लागला की बोअरची मोटर मध्येच हवा ओढायला लागते. म्हणून या पावसाळ्याआधी गच्चीचं पाणी धरायचं असं घरात ठरलंय. गाडी अडलीय सल्ल्यांवर.

ठेकेदार म्हणतो, अंगणात खोदून दहा हजार लिटरची टाकी बांधा, एकदा भरली की उन्हाळाभर बघायला नको. शेजारी म्हणतात, टाकीबिकी काही नको, गच्चीचा पाइप सरळ बोअरमध्ये सोडून द्या. सासूबाईंचं म्हणणं, पावसाचं पाणी सगळ्यात शुद्ध, तेच प्यायला भरून ठेवा. तिघंही आपापल्या जागी ठाम.

अंगण लहान आहे. घरामागे बाथरूमच्या भिंतीलगत एक चिंचोळी पट्टी मोकळी आहे. गच्चीचं पाणी चार कोपऱ्यांतल्या चार पाइपांनी खाली येतं, दोन पुढे, दोन मागे. ज्यांनी हे घरी करून काही वर्षं वापरलंय किंवा दुसऱ्याकडे करून दिलंय, त्यांनी सांगा: टाकी केवढी घेऊ?

कोरडीटाकी:

केवढीही घ्या, दोन-तीन पावसाळ्यांत तिच्यावर कुंड्या ठेवाल. आमच्या इमारतीत बांधकामाचा दाखला मिळावा म्हणून केलं होतं. खड्डा आहे, त्यावर जाळी आहे, भिंतीवर ठळक पाटीसुद्धा आहे. फक्त गच्चीचा पाइप खड्ड्यापर्यंत येत नाही, वाटेतच गटारात वळवलाय. कधी वळवला, कुणी वळवला, कुणाला पत्ता नाही. उगाच खोदाखोदी करू नका.

पान्हा:

ताई, टाकीचा आकार शेवटी ठरवायचा असतो. आधी हे ठरवा की ते पाणी घरात रोज कुठे खर्च होणार. मी प्लंबिंगची कामं घेतो. नवीन जोडणीपेक्षा बंद पडलेली जोडणी बघायला लोक जास्त बोलावतात, आणि तिथे बहुतेक वेळा एकच दृश्य असतं: टाकी काठोकाठ भरलेली आणि तिच्या तोटीला जाळं लागलेलं. विचारलं तर म्हणतात, "उन्हाळ्यासाठी राखून ठेवलंय." राखलेल्या टाकीत पुढच्या पावसाला जागाच नसते. जूनअखेर ती भरते आणि त्यानंतरचा सगळा पावसाळा ओव्हरफ्लोने गटारात जातो.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. स्लॅबच्या गच्चीवरून शंभरातले ऐंशी हाती लागतात असं धरायचं, उरलेलं कोबा पितो, उडतं, सांडतं. तुमच्या ९० चौरस मीटरवर २५ मिलिमीटर पडला की झाले १,८०० लिटर. आता खर्चाची बाजू. पाच माणसांचे फ्लश, कपड्यांचं मशिन, फरशी पुसणं, गाडी, कुंड्या, सगळं धरून दिवसाला अडीचशे ते पावणेतीनशे लिटर. फ्लशची टाकी सहा लिटरची धरलीय, जुनी दहाची असेल तर आणखी. म्हणजे दोन हजारांची टाकी आठवड्यात रिकामी होते. तोवर पुढचा पाऊस आलेला असतो, ती पुन्हा भरते, पुन्हा रिकामी होते. शंभर दिवसांच्या पावसाळ्यात असं चालू राहिलं तर २५ हजार लिटरच्या घरात पाणी तुम्ही खरोखर वापरता. मध्ये उघडीप पडणारच, म्हणून वीस धरा. ठेकेदाराची दहा हजारांची टाकी भरून झाकून ठेवली तर वर्षाकाठी दहा हजारच, आणि उन्हाळ्यात तेवढ्याच वापराला ती जेमतेम पाच आठवडे पुरते. खोदाई पाचपट, पाणी निम्मं.

तेव्हा दोन हजारांची घ्या, फार तर तीन. आतून-बाहेरून काळी, म्हणजे उजेड शिरून शेवाळ धरणार नाही, आणि झाकण घट्ट बसणारी. जागा ती मागची पट्टी.

त्या पट्टीचा तुम्हाला मोठा फायदा आहे. टाकी जमिनीवर न ठेवता दोनेक मीटर उंच स्टँडवर ठेवलीत तर खालच्या मजल्याचा फ्लश पंपाशिवाय चालेल. वीज गेली तरी चालेल. कपड्यांच्या मशिनची मात्र खात्री देत नाही, बऱ्याच मशिनांना एवढ्या उंचीचा दाब पुरत नाही आणि ती मध्येच थांबून दिवा लुकलुकवत बसतात. ते तुमच्या मशिनच्या पुस्तकात बघा. आणि स्टँड वेल्डरला "जरा मजबूत कर" एवढं सांगून करून घेऊ नका. दोन हजार लिटर म्हणजे दोन टन, तेही तुमच्या बाथरूमच्या भिंतीला खेटून. पायाची माती बघून, माप काढून इंजिनिअरकडून आराखडा घ्या.

चारही पाइप एकत्र आणायच्या फंदात शक्यतो पडू नका. पुढचे पाइप मागे आणायला घराभोवती आडवा पाइप फिरवावा लागतो, त्याला मीटरमागे निदान एक सेंटिमीटर उतार लागतो, आणि छज्जाखाली तो उतार कुणी नीट देत नाही. मग आडव्या पाइपात पाणी बसून राहतं आणि डास होतात. मागचे दोनच घ्या. अर्धी गच्ची मिळेल, त्या २५ मिलिमीटरला ९०० लिटर. तुम्हाला दिवसाला लागतात पावणेतीनशे, म्हणजे तीन दिवसांची सोय एका पावसात. तुमच्याकडे पाऊस बेताचा असेल, पावसाळाभरात पाचशे-सहाशे मिलिमीटर, तरच चारही जोडायचा विचार करा.

आता पहिल्या पाण्याबद्दल, कारण सगळी मेख तिथे आहे. गच्ची झाडून लख्ख दिसली तरी पहिल्या सरीचं पाणी टाकीत जाता कामा नये. हे पहिलं पाणी अडवायला एक बंद तोंडाचा उभा पाइप लावतात (रचना पुढे सांगतो), पावसाळ्याच्या तोंडावर त्याचं झाकण उघडलं की काय बाहेर येतं ते एकदा डोळ्यांनी बघा. आधी काळा चिखल पडतो, लोण्यासारखा मऊ. त्यात कबुतरांची पिसं, कोब्याची रेती, सुकलेल्या पानांच्या शिरा, कपड्यांच्या चिमट्याची गंजलेली स्प्रिंग. वास असा की उत्सुकतेने वाकून बघणारे घरातले सगळे दोन पावलं मागे होतात. मग तांबूस पाणी, मग फिकट, मग साफ. हे सगळं एरवी टाकीच्या तळाशी बसलं असतं.

किती सोडायचं? चौरस मीटरला निदान एक लिटर. अर्ध्या गच्चीला ४५ लिटर. ११० मिलिमीटरच्या पाइपात मीटरला साधारण साडेआठ लिटर मावतात, म्हणजे पाच मीटरहून जास्त पाइप लागेल, तो टाकीच्या तोंडाखाली बसायचा नाही. १६० चा घ्या, त्यात मीटरला अठरा लिटर, अडीच मीटरमध्ये काम होतं. बहुतेक घरांत दोन फुटांचा ११० चा तुकडा लावून त्याला "फर्स्ट फ्लश" म्हणतात. त्यात पाच लिटर मावतात. शोभेला ठीक.

रचना अशी. मागचे दोन्ही पाइप एकत्र करून खाली आणायचे, टाकीच्या तोंडाच्या जरा वर एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकायचा. टी ची सरळ खाली जाणारी बाजू हा १६० चा बंद तोंडाचा पाइप. तो भरला की मागून येणारं पाणी आपोआप टाकीकडे वळतं. खालच्या झाकणाला दोन-तीन मिलिमीटरचं भोक, त्यातून पाइप थेंब थेंब रिकामा होऊन पुढच्या पावसाला तयार. हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह लावून देतो असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. पाऊस रात्री अडीचला येतो, आणि त्या वेळी छत्री घेऊन व्हॉल्व्हकडे धावणारा माणूस मला अजून भेटायचाय. भोक बुजतं, म्हणून झाकण आट्यांचं हवं. सोल्व्हंटने चिकटवलेलं असेल तर कुणीही ते पुन्हा उघडत नाही.

वाळू-खडीचं पिंप गाळणी म्हणून विकतात, ते फ्लशच्या पाण्याला लागत नाही. मोठी सर तासाला १०० मिलिमीटरच्या वेगाने येते, तेव्हा तुमच्या अर्ध्या गच्चीवरूनसुद्धा सेकंदाला लिटरभराहून जास्त पाणी येतं. पिंप एवढं गिळत नाही. पाणी पाइपात चढतं, जोडांतून फवारतं, गच्चीवर साचतं, आणि खालच्या खोलीचं छत गळायला लागलं की घरातलं कुणीतरी चिडून पाइप कापतं. कोरडीटाकी, तुमच्याकडे पाइप कुणी वळवला याचं कोडं बहुधा असंच सुटेल. गच्चीच्या तोंडांना जाळ्या, पहिलं पाणी बाहेर, टाकीच्या तोंडाशी बारीक स्टीलची जाळी. फ्लशला एवढं बास. टाकीत उतरणारा पाइप तळापर्यंत नेऊन त्याचं टोक वर वळवा, म्हणजे येणारं पाणी तळचा गाळ ढवळत नाही. ओव्हरफ्लोचा पाइप येणाऱ्या पाइपाएवढाच जाड हवा. एक इंची ओव्हरफ्लो लावलेल्या टाक्यांची झाकणं उडालेली पाहिलीत.

नळाच्या पाण्याचं एक सांगतो, ते कृपा करून पाळा. पाऊस नसताना फ्लश चालावा म्हणून लोक पावसाची टाकी आणि नळाची लाइन मधे व्हॉल्व्ह टाकून जोडतात. तसं करू नका. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या भागात लाइन मधल्या वेळात रिकामी असते, त्यात कुणीतरी लाइनलाच मोटर लावून ओढतो, आणि तुमचा व्हॉल्व्ह जरासा गळका असला की गच्चीचं पाणी गल्लीच्या पिण्याच्या लाइनीत. नळाचं पाणी गच्चीवरच्या टाकीतून आणा आणि पावसाच्या टाकीत वरून पडू द्या. पाइपाचं तोंड ओव्हरफ्लोच्या पातळीच्या वर, मधे डोळ्यांना दिसेल अशी मोकळी हवा. त्या पाइपाच्या फ्लोट व्हॉल्व्हचा फुगा मात्र लांब दांडीला खाली लटकवा, म्हणजे नळाने तळाशी वीतभरच पाणी भरेल आणि वरची सगळी जागा पावसाला मोकळी राहील. फुगा नेहमीसारखा वर ठेवला तर टाकी कायम नळाच्याच पाण्याने भरलेली, आणि पाऊस आला की तो बाहेर.

सासूबाईंना सांगा, ढगातलं पाणी स्वच्छच असतं, आपली गच्ची नसते. पक्ष्यांची विष्ठा आली की जंतू आले, मग पाणी कितीही नितळ दिसो. प्यायचं असेल तर वेगळी छोटी टाकी, बारीक गाळणी, आणि उकळणं किंवा क्लोरिन, यातलं काही टाळता येत नाही. गच्चीला डांबरी थर किंवा नवा रासायनिक लेप दिलेला असेल तर पिण्याचा विचारच सोडा. घरात गाळायचं यंत्र आहे, नळाचं पाणी येतं, मग पिण्यासाठी एवढा उपद्व्याप कशाला? पाणी जातं ते फ्लशमध्ये आणि मशिनमध्ये.

कोरडीटाकी:

पान्हासाहेब, हिशेब पटला, पण मुद्दा हुकला. पावसाळ्यात पाण्याची ओरड नसतेच. ओरड एप्रिल-मे मध्ये. जेव्हा मुबलक आहे तेव्हा वीस हजार लिटर वाचवून करायचंय काय? त्यापेक्षा ठेकेदाराचे पाच आठवडे बरे. आणि बर्म्युडा बेटावर तर घरोघरी पावसाच्याच पाण्यावर राहतात असं वाचलंय. तिथे जमतं, मग इथे का नाही?

पान्हा:

रास्त प्रश्न आहे. बर्म्युडात घराची छपरंच पाणी धरायला बांधलेली असतात, चुनखडीची, पायऱ्यापायऱ्यांची, पांढरी रंगवलेली. पाणी घराखालच्या टाकीत जातं, आणि छपराचा चार-पंचमांश भाग पाणी धरायला वापरलाच पाहिजे असा नियम आहे. पण तिथे बाराही महिने पाऊस पडतो. टाकी रिकामी होईस्तोवर पुन्हा भरते. म्हणजे माझंच म्हणणं झालं.

जिथे पाऊस चार-पाच महिन्यांत आटोपतो तिथलं उदाहरण मेक्सिको सिटीचं घ्या. तिथे इस्ला अर्बाना नावाची संस्था २००९ पासून घराघरांत ही जोडणी करतेय, आणि २०१९ मध्ये शहराच्या सरकारने ज्या वस्त्यांना नळाचं पाणी नीट मिळत नाही तिथे घरोघरी बसवून द्यायचा कार्यक्रम काढला. पहिल्या पाण्याच्या त्यांच्या पिंपाला त्यांनी नाव दिलंय त्लालोके, तिथल्या पर्जन्यदेवाच्या मदतनिसांचं. तिथेही वर्षभराचा साठा करत नाहीत. पावसाळ्याचे महिने पावसावर काढायचे, तेवढ्या काळात टँकर बोलवायचा नाही, पाऊस थांबला की पुन्हा जुनी व्यवस्था.

आता तुमचा मे महिना. भारतात शहरी पुरवठ्याचं माप माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. पाच माणसांना ६७५. उन्हाळ्याचे तीन महिने काढायचे तर साठ हजार लिटर लागतील. ठेकेदार देतोय दहा हजार. पूर्ण वापराला ते पंधरा दिवस. साठ हजारांची टाकी म्हणजे तीन बाय पाच मीटरची, चार मीटर खोल खोली. ताईंच्या अंगणात ती खोदली तर अंगण उरणार नाही, आणि पायाशेजारी तेवढं खोल जायला मी तरी हो म्हणणार नाही. उन्हाळ्यापर्यंत पाणी टिकवायला घराजवळ एकच एवढी मोठी जागा असते, ती जमीन. पावसाळ्यात फ्लश पावसावर चालला की बोअर तितका कमी उपसला जातो, आणि पुढचे दोन पाइप जमिनीत मुरवले की वर भर पडते.

एका बाबतीत तुमचं बरोबर. ज्या घराला बोअरही नाही, नळही नाही, सगळं टँकरवर, त्यांनी जागा असेल तेवढी मोठी टाकी घ्यावी. ताईंचं तसं नाही.

खडकमाती:

मुरवण्याचं मी सांगतो, माझं काम त्यातलं आहे. पान्हा यांनी "जमीन हीच मोठी टाकी" म्हटलं ते अर्धं खरं. जमीन घेईल तर. ताई, आधी फूट-दीड फूट खोल खड्डा करा, पाण्याने भरा, ते मुरू द्या, मग पुन्हा भरा आणि काठी उभी करून पातळीची खूण करा. खरी परीक्षा दुसऱ्या भरण्याची, कारण कोरडी माती पहिल्यांदा कुणाचंही पाणी पिते. तासाभरात बोटभरही उतरलं नाही तर चिकणमाती आहे, खड्डा नुसता तुंबेल. झरझर उतरलं तर उत्तम. चेन्नईत किनाऱ्यालगत वाळू असल्याने पाणी पटकन मुरतं, तेच काम कातळावर वसलेल्या शहरात तितकं सोपं नसतं. तिथे वरची माती ओलांडून मुरमापर्यंत किंवा भेगाळलेल्या खडकापर्यंत जावं लागतं.

पाइप सरळ बोअरमध्ये सोडायचा सल्ला शेजाऱ्यांनाच परत द्या. पान्हा यांनी वर जो काळा चिखल वर्णन केलाय तो मातीतून न गाळता थेट खोलच्या भेगांत जाईल. भेगा कुंपण ओळखत नाहीत. तुमच्या गच्चीची घाण त्यांच्याच बोअरमधून वर येऊ शकते.

खड्डा वेगळा करा, घराच्या पायापासून निदान तीन मीटर लांब, आणि संडासाच्या टाकीपासून जमेल तितका दूर. तळाशी मोठे गोटे, त्यावर खडी, सगळ्यात वर जाड वाळू, खडी आणि वाळूच्या मधे जाळी. गवंडी हमखास उलटं भरतात, वाळू तळाशी आणि गोटे वर, दिसायला छान दिसतं म्हणून. मग गाळ गोट्यांच्या फटींतून तळापर्यंत जातो आणि सगळा खड्डा उपसल्याशिवाय निघत नाही. वाळू वर असली तर वरचा थर खरवडून काढला की झालं. गोट्या-खडीने भरलेल्या खड्ड्यात पोकळी चाळीस टक्क्यांच्या आसपास असते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, दोन मीटर खोल खड्डा म्हणजे ८०० लिटर. मोठ्या सरीत पुढच्या अर्ध्या गच्चीचं पाणी तो दहा-बारा मिनिटांत भरतो. तेव्हा जादा पाणी कुठे जाणार ते आधी ठरवा. ते पायाकडे वळता कामा नये. गाड्या उभ्या करायच्या फरशीचं पाणी यात घेऊ नका, तेल असतं.

आणखी एक, जरा कडू. तुम्ही बोअरला विश्रांती दिलीत आणि शेजाऱ्यांनी नाही दिली, तर तुमचं वाचलेलं पाणी तेच उपसतील. भूजलाला सातबारा नसतो. गल्लीतल्या बऱ्याच घरांनी केलं तर फरक दिसतो. म्हणून सक्ती आली. तमिळनाडूने २००३ मध्ये नव्या-जुन्या सगळ्या इमारतींना बंधनकारक केलं. बंगळुरूने २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून चाळीस बाय साठ फुटांच्या आणि त्याहून मोठ्या जुन्या भूखंडांना आणि तीस बाय चाळीसच्या नव्या बांधकामांना लावलं. सक्तीने घराघराला पाइप लागतो, हे मी वाईट म्हणत नाही. पण २०१८ चा ईशान्य मोसमी पाऊस कमी पडला आणि २०१९ च्या जूनमध्ये चेन्नईचे जलाशय कोरडे पडले, तेव्हा घराखालचं पाणीही पुरलं नाही. पाऊसच पडला नाही तर कुठलाच खड्डा भरत नाही. हे लक्षात ठेवून करा, म्हणजे कोरडीटाकी यांच्यासारखं नंतर रुसावं लागणार नाही.

कोरडीटाकी:

रुसलो नाही हो. उद्या इमारतीच्या खड्ड्यात वाळू वर आहे की खाली ते बघून येतो.

दुमजली:

सगळ्यांचे आभार. पुढच्या अंगणात खड्डा करून पाहिला. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तासात वीतभर उतरलं, तेव्हा पुढचे दोन पाइप मुरवायला आणि मागचे दोन टाकीला असं ठरतंय. ठेकेदाराला टाकी दोन हजारांची म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला, पण स्टँडचं काम मिळाल्यावर सावरला. सासूबाईंना गच्चीवर नेऊन कबुतरं दाखवली. त्या म्हणाल्या, कुंड्यांना तरी घालूया.

दोन शंका उरल्या. टाकीत डास होतील का, कारण गेल्या वर्षी घरात डेंग्यू होऊन गेलाय आणि त्याची धास्ती आहे. आणि हे सगळं सांभाळायचं म्हणजे नेमकं काय, कुणी करायचं? आमच्याकडे सकाळी सगळेच बाहेर पडतात.

पान्हा:

डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, तेव्हा धास्ती योग्य आहे. अंड्यातून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पण त्याला आत शिरायला वाट लागते. झाकण, पाणी शिरायचं तोंड, हवेची नळी आणि ओव्हरफ्लो, चारही ठिकाणी बारीक जाळी. ओव्हरफ्लोची जाळी सगळे विसरतात, कारण ते तोंड मागे भिंतीकडे असतं. अंडी पाण्याच्या रेषेच्या वर टाकीच्या भिंतीला चिकटतात आणि कोरड्यात महिनोन् महिने टिकतात. म्हणून पावसाळ्याआधी टाकी धुताना नुसती विसळू नका, आतल्या भिंती ब्रशने घासा. गच्चीच्या खोलगट भागात पाणी साचत असेल तर तिथे आधी उतार काढून घ्या, टाकीपेक्षा तो धोका मोठा.

सांभाळायला रोज काही नाही. पावसाळ्याआधी एकदा गच्ची झाडायची, टाकी घासायची, जाळ्या काढून धुवायच्या. पावसाळ्यात मोठा पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी मागे जाऊन बघायचं की त्या १६० च्या पाइपाच्या भोकातून थेंब पडतोय का, किंवा पाइप रिकामा झालाय का. बोटाने टकटक केलं की भरलेला आणि रिकामा यांचा आवाज वेगळा येतो. भरलेलाच असेल तर भोक बुजलंय, झाकण फिरवून उघडायचं, बाजूला उभं राहून. समोर उभं राहिलं तर काय होतं ते एकदाच कळतं. हे काम ज्याला पाण्याशी खेळायला आवडतं त्याच्याकडे द्या. माझ्या अनुभवात सहावी-सातवीतलं पोर घरात असेल तर ते सगळ्यात नेटाने करतं, मोठी माणसं टाळतात. वर्षातून एकदा खड्ड्यावरची वाळू खरवडायला मात्र मोठं माणूस लागेल.

पावसाच्या पाण्याच्या पाइपाला वेगळा रंग द्या आणि मागच्या बाजूला त्याची उघडी तोटी ठेवूच नका. पाहुण्यांची मुलं अंगणात खेळताना तोंड लावतात.

दुमजली:

सातवीतली मुलगी आहे घरात, तिने आत्ताच पाइपावर टकटक करायची जबाबदारी घेतली, पाइप अजून आलाही नाही तरी. ते १६० चं आट्यांचं झाकण दुकानात मागताना काय म्हणायचं? आणि त्याला भोक दुकानदार पाडून देतो का?

पान्हा:

थ्रेडेड एंड कॅप म्हणा, १६० ची, रबरी वॉशरसकट. भोक माझ्यासारखा कुणीतरी ड्रिलने पाडून देईल, तीन मिलिमीटरहून मोठं पाडू देऊ नका, नाहीतर पावसात पाइप भरतच राहील आणि गळतच राहील. वॉशर दोन जादा घेऊन ठेवा. झाकण उघडलं की तो चिखलात पडतो आणि सापडत नाही.